पहिल्या नळीतलं रक्त

बायको गेल्यानंतरचे दोन महिने मिस्त्रीने एकच काम नेमाने केलं. तो हॉस्पिटलवर चिडून राहिला. सकाळी उठला की चिडायचा, दाढी करताना चिडायचा, आणि कामावर जाताना ती पांढरी सहा मजली इमारत दिसली की रस्ता ओलांडून पलीकडून चालायचा. चिडला असला की घर तेवढं रिकामं वाटत नसे.

घडलं ते असं होतं. त्याची बायको कापडाच्या गोदामात गठ्ठे बांधायच्या कामाला होती. एका मंगळवारी सकाळी ती दुसऱ्या मजल्यावर ढकलगाडी घेऊन मालाच्या लिफ्टमध्ये शिरत होती. एक पाय आत, एक बाहेर, आणि दरवाजा उघडा असतानाच लिफ्ट वर निघाली. मांडीचं हाड मोडलं, कंबरेचं मोडलं, मांस चेंगरलं. डॉक्टरांनी पाच तास ऑपरेशन केलं. तिसऱ्या दिवशी ती बोलली. "मी गॅस बंद केला होता का हो?" एवढंच विचारलं. सर्जननी मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मोठा धोका टळला." त्याचा जीव भांड्यात पडला.

चौथ्या दिवशी तिला दम लागला. पाचव्या दिवशी व्हेंटिलेटर लावला. सातव्या दिवशी मूत्रपिंडांनी काम सोडलं, आठव्या दिवशी डोळे पिवळे झाले आणि नवव्या दिवशी ती गेली. मोडला होता पाय, आणि बंद पडली फुप्फुसं, मूत्रपिंडं, यकृत. हे काही केल्या त्याच्या डोक्यात बसत नव्हतं.

"पाय तर बरा होत होता," जोडीदार म्हणायचा. "टाके सुकत आले होते. मी बघितलं ना. मग गेली कशाने? तूच सांग."

जोडीदार म्हणजे त्याच्याबरोबर काम करणारा दुसरा माणूस. लिफ्टच्या दुरुस्तीला दोघं लागतात. एक वर मोटरखोलीत, एक खाली दरवाज्याशी. हे दोघं बावीस वर्षं असे वर-खाली काम करत होते. त्याच इमारतीत जोडीदार एक मजला खाली राहायचा, आणि मिस्त्री त्याला घरीदारी जोडीदारच म्हणायचा, त्यामुळे शेजारपाजारचेही तेच म्हणायला लागले होते. हॉस्पिटलच्या त्या नऊ दिवसांत तो बाकावरून हलला नव्हता. चहा आणला, औषधं आणली, मिस्त्रीच्या मुलीला स्टेशनवरून घेऊन आला. ती दुसऱ्या गावी शाळेत शिकवायची.

प्रयोगाचं त्यानेच पहिल्यांदा काढलं.

पहिल्या दिवशी, बायकोला आत नेलं तेव्हा, एक तरुण डॉक्टरीण कागद घेऊन आली होती. मोठी जखम झालेल्या पेशंटच्या रक्ताचा अभ्यास चालू आहे, रोज एक नळी रक्त लागेल, तुमची परवानगी हवी, असं काहीसं ती म्हणाली. मिस्त्रीने उभ्याउभ्या सही केली. तेव्हा कुणी सगळं घर मागितलं असतं तरी त्याने सही केली असती. पुढे ती रोज यायची, नळी भरून घ्यायची आणि लेबल लावून निघून जायची. त्याने मनातल्या मनात तिचं नाव रक्तवाली ठेवलं होतं.

"प्रयोग केले रे तिच्यावर," जोडीदार म्हणाला. "नऊ दिवस रक्त काढत होते. त्या सुया, त्या नळ्या. त्यातूनच जंतू गेले. आणि मिस्त्री, तू त्यांना सही देऊन बसलास."

हे वाक्य मिस्त्रीच्या काळजात रुतलं ते रुतलंच.

मुलीने चार पानी तक्रार लिहिली. अर्धी तिने लिहिली, अर्धी जोडीदाराने सांगितली. कामावरच्या अपघाताची चौकशी चालू होती, आणि चौकशी अधिकाऱ्याला ठरवायचं होतं की बाई कशाने गेली, अपघाताने की उपचाराने. लिफ्ट तपासून झाली होती. तपासनिसाने लिहिलं होतं, दरवाज्याचा कॉन्टॅक्ट झिजलेला आढळला, दोष अचानक उद्भवला, कुणाची चूक नाही. तो अहवाल जोडीदाराने मिस्त्रीला वाचून दाखवला होता. मिस्त्रीने मान हलवली होती. गुरुवारी अकरा वाजता त्याचा जबाब व्हायचा होता. त्याने तक्रारीवर सही केली की लिफ्टची फाइल बंद होणार आणि हॉस्पिटलची उघडणार होती.

"फक्त एक कागद कमी आहे," मुलगी म्हणाली. "आईचं रक्त किती वेळा काढलं त्याची यादी. तारीख आणि वेळ. ती आणा बाबा, मग बघू कसे सुटतात ते."

बुधवारी दुपारी तो यादी आणायला गेला.

रक्तवालीची खोली तळघरात होती. एका भिंतीला फ्रीजची रांग, मध्ये एक लांब टेबल आणि त्यावर निळ्या बुचांच्या नळ्या. ती त्याला पाहून उठून उभी राहिली. त्याला वाटलं होतं ती टाळाटाळ करेल. तिने यादी आधीच छापून ठेवली होती.

"बसा काका."

"बसायला आलो नाही. यादी द्या."

"देते. पण ती वाचता यायला हवी ना तुम्हाला. दहा मिनिटं द्या. नंतर माझ्यावर काय लिहायचं ते लिहा."

तो बसला. बसला तो दहा मिनिटं तिला ऐकून घ्यायला नाही, तर शेवटी चार शब्द सुनवायला.

"पहिली ओळ बघा," ती म्हणाली. "अकरा चाळीस. लिफ्टमधून त्यांना नऊ-वीसला काढलं. म्हणजे दोन तास वीस मिनिटं. ऑपरेशन व्हायचं होतं. तोवर आमच्याकडून एक सलाइन आणि रक्ताची पिशवी, एवढंच लागलं होतं. बरोबर?"

"असेल."

"या पहिल्या नळीतच पांढऱ्या पेशी बदललेल्या होत्या."

"बदललेल्या म्हणजे?"

ती कागद बाजूला सारून बोलायला लागली.

"पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, हे माहीत असेल तुम्हाला. त्या जंतू ओळखतात कशा, तर खुणांवरून. आता मांस चेंगरलं की लाखो पेशी फुटतात. त्यांच्या आतलं सामान रक्तात येतं. जे कधीच बाहेर यायचं नसतं ते. त्यातले काही तुकडे हुबेहूब जंतूंसारखे दिसतात. पांढऱ्या पेशींना वाटतं, सगळ्या अंगात जंतू शिरले. मग त्या उठतात. अगदी सगळ्या. हाडांच्या आत ज्या अजून तयार होत होत्या, त्यासुद्धा अर्ध्याकच्च्या बाहेर येतात."

"चांगलंच की मग."

"एका ठिकाणी गेल्या असत्या तर चांगलं. त्या सगळीकडे जातात. फुप्फुसात फार बारीक रक्तवाहिन्या असतात, तिथे अडकतात. आणि जंतूंवर ओतायचं जे काही जवळ असतं, ते तिथेच ओततात. तिथे जंतू नसतात काका. तिथे फक्त फुप्फुस असतं."

"मूत्रपिंडाचं तसंच?"

"थोडं तसंच. थोडं रक्तपुरवठ्याने. यकृताचंही."

"म्हणजे घरचेच उलटले."

"उलटले नाहीत," ती म्हणाली. "फसले."

त्याला हा शब्द आवडला नाही. फसलेल्याला माफ करावं लागतं.

"आणि जंतू? सहाव्या दिवशी जंतू सापडले म्हणून तुम्हीच लिहिलंय. तुमच्या नळीतून गेले."

"गेले असतील. नाही म्हणत नाही मी. पण पेशींची दुसरी एक जात असते. तिचं काम जंतू पकडून इतरांना दाखवायचं. ती जात त्याच पहिल्या दिवशी मिटून गेली होती. एकीकडे आरडाओरडा आणि दुसरीकडे गप्पगार, दोन्ही एकाच वेळी. असं झालं की तुमच्या-माझ्या अंगावर रोज बसणारे जंतूसुद्धा जीव घ्यायला पुरतात. नळीतून आले नसते तर तोंडातून आले असते."

"हे सगळं त्या पहिल्या नळीत दिसत होतं?"

"सुरुवात दिसत होती. पुष्कळ लोकांमध्ये होते ही सुरुवात, आणि चार-पाच दिवसांत ओसरते. काहींमध्ये ओसरत नाही. तुमच्या मिसेसच्या तिसऱ्या दिवसाच्या नळीत ओसरायची चिन्हं नव्हती."

त्याने मान वर केली.

"तिसऱ्या दिवशी ती बोलत होती. तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला सांगितलं धोका टळला."

"रक्त वाहून जाण्याचा टळला होता. ते खरं होतं."

"तुम्हाला माहीत होतं तेव्हा?"

ती बोटाने टेबलावरची नळी उगाच फिरवत होती.

"अंदाज होता."

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"त्यावर औषध नाही काका. आजही नाही. म्हणूनच तर रक्त गोळा करतो. मला वाटलं, नुसतं सांगून काय..." ती थांबली. "सांगायला हवं होतं. तेवढं तुम्ही तक्रारीत लिहा. त्यावर मी नाही म्हणणार नाही."

तो यादी घेऊन उठला. चार शब्द सुनवायचे होते ते तोंडातच राहिले. दारात तिने विचारलं, "लिफ्टचं काय निघालं हो शेवटी?"

"काही नाही. कॉन्टॅक्ट झिजला होता."

"अच्छा," ती म्हणाली. तिला त्यातलं काय कळणार.

रस्त्यावर आल्यावर मिस्त्री घराच्या दिशेने चालायला लागला आणि शंभर पावलांवर मधोमध थांबला. मागून येणारी बाई त्याच्यावर आदळली. "अहो, ब्रेक लावायचा तर हात तरी दाखवा," ती म्हणाली आणि गेली.

कॉन्टॅक्ट झिजला होता.

सव्वीस वर्षं तो लिफ्टची कामं करत होता. दरवाजा बंद झाला की कॉन्टॅक्ट जुळतो, कॉन्टॅक्ट जुळला की वीज पुढे जाते, आणि तेव्हाच लिफ्ट हलते. कॉन्टॅक्ट झिजला तर वीज पुढे जाणार नाही. लिफ्ट बंद पडेल. शिकायला आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात हे सांगतात. झिजलेला कॉन्टॅक्ट लिफ्ट थांबवतो. दरवाजा उघडा असताना लिफ्ट चालली, तर त्याला एकच रस्ता आहे. कुणीतरी वरून वायर टाकून दरवाज्याचा हिशेबच काढून टाकलेला असतो.

आणि हे त्याला दोन महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं. त्याला अहवाल वाचून दाखवला तेव्हा त्याने मान हलवली होती. दोन महिने त्याचं डोकं सुयांत आणि नळ्यांत होतं. लिफ्टकडे ते वळूच दिलं नव्हतं.

ते वळू न देणारा कोण होता, हेही त्याला तिथेच, रस्त्यात उभ्याउभ्या कळलं.

त्या वायरीला कामावर जंपर म्हणतात. दरवाजातला दोष शोधायचा तर कधीकधी ती लावावी लागते. लावायला कुणाची ना नाही. विसरायला आहे. म्हणून या दोघांना ज्याने काम शिकवलं, त्या म्हाताऱ्या मिस्त्रीने एक रीत घालून दिली होती. जंपर लावला की आपल्या घराची किल्ली त्या वायरीला अडकवायची. किल्लीशिवाय माणूस घरात शिरू शकत नाही. दारात जाऊन खिसा चाचपला की आपोआप आठवतं, आणि परत जावंच लागतं. कंपनीच्या कुठल्याच पुस्तकात ही रीत नव्हती, पण बावीस वर्षं त्या दोघांनी ती मोडली नव्हती.

अपघाताच्या आदल्या दिवशी, सोमवारी, मिस्त्रीने दाढ काढली होती. गोदामात लिफ्टच्या दुरुस्तीला जोडीदार एकटाच गेला होता. संध्याकाळी मिस्त्री गाल सुजवून आतल्या खोलीत पडला होता, तोंडात कापसाचा बोळा. दाराची बेल वाजली. बायकोने दार उघडलं.

"वहिनी, आमची जादा किल्ली द्या जरा. ही माहेरी गेलीय."

"तुमची कुठे गेली भावजी? का घरात घ्यायचं नाही म्हणून जाताना तीच घेऊन गेली?"

जोडीदार हसला होता. ती पण हसली होती. मग खिळ्यावरून किल्ली काढल्याचा आवाज, आणि "सकाळी लवकर जायचंय, आणून देतो," असं काहीतरी. दार लागलं.

मिस्त्रीने हे सगळं ऐकलं होतं. गाल ठणकत होता. त्याने कूस बदलली होती.

पाच वाजता त्याने जोडीदाराचं दार वाजवलं. जोडीदार बनियनवर होता, हातात वर्तमानपत्र.

"आलास? मिळाली का यादी? ये, चहा टाकतो."

"चहा नको. वहिनी कुठे आहेत?"

"बाजारात गेलीय. काय झालं? तोंड का असं? काही बोलली का ती रक्तपिपासू?"

मिस्त्री आत येऊन खुर्चीत बसला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला.

"सोमवारी जंपर कितव्या मजल्याचा लावला होतास?"

जोडीदाराने पेपर घडी करून ठेवला. एक घडी, मग अजून एक, मग अजून एक. तो घडी करत राहिला तेवढ्यातच उत्तर आलं होतं.

"कुठला जंपर?"

"ज्याला तुझी किल्ली होती."

"मिस्त्री, काहीतरी काय बोलतोस. तपासनिसाला काही सापडलं नाही."

"त्याला सापडेल कसं? त्या सकाळी लिफ्ट हाताने खाली घ्यायला पहिला तूच वर मोटरखोलीत गेलास. तिला सोडवायच्या आधी वायर काढलीस, की नंतर?"

"नंतर," जोडीदार म्हणाला. आणि मग खाली बसला, जमिनीवरच. "शप्पथ नंतर. आधी तिला सोडवली. मग काढली."

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. मिस्त्रीच्याच घरात. मुलगी असणार.

"मॅनेजर डोक्यावर बसला होता," जोडीदार म्हणाला. "गाडी भरायचीय, लिफ्ट द्या, लिफ्ट द्या. म्हटलं चालू तरी आहे, उद्या नीट करू. हत्यारं गोळा केली आणि आलो. डोक्यातून गेलंच."

"दारात आल्यावर आठवलं ना?"

जोडीदाराने मान खाली घातली.

"खिसा चाचपलास तेव्हा आठवलं ना? त्यासाठीच असते ती किल्ली. वीस मिनिटांचा रस्ता आहे."

"दमलो होतो रे. गोदाम साडेनऊला उघडतं. म्हटलं नऊला जाऊन काढून टाकतो, कुणाला कळणार पण नाही. त्या दिवशी मेल्यांनी पावणेनऊला उघडलं. मी फाटकातच होतो तेव्हा ओरडा ऐकू आला."

"आणि तू वर आलास. आमच्या दारात. तिच्याकडेच किल्ली मागितलीस. ती रोज त्या लिफ्टने जाते हे माहीत असताना."

"नाही आलं डोक्यात. आईशपथ. ती वहिनी आणि गोदामातली बाई, ही एकच आहे हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही."

मिस्त्रीला हे खरं वाटलं. खरं वाटलं याचाच त्याला जास्त राग आला.

"मी पाय मोडला तिचा," जोडीदार डोळे पुसत म्हणाला. "कबूल आहे. जन्मभर कबूल आहे. पण जीव मी नाही घेतला. पाय बरा होत होता. जीव त्यांनी घेतला, त्या नळ्यांनी."

"पहिल्याच नळीत होतं," मिस्त्री म्हणाला.

"काय होतं?"

मग त्याने सांगितलं. रक्तवालीने जसं सांगितलं तसंच, जमेल तेवढं. चेंगरलेल्या मांसातलं सामान रक्तात जातं. अंगातल्याच पेशी त्याला जंतू समजतात. फुप्फुसात जाऊन तिथेच सगळं ओततात. दोन तास वीस मिनिटांत सुरू झालं होतं, आणि तेव्हा कुणी तिला धड हात लावला नव्हता. सांगताना त्याचा आवाज चढला नाही. मशिनचा दोष समजावून सांगावा तसं त्याने सांगितलं, कारण तसं सांगायची त्याला सवय होती.

जोडीदार ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे मी मारली तिला, असं म्हणतोस तू."

"हो."

"बावीस वर्षं, मिस्त्री."

"नऊ दिवस माझ्या शेजारी बाकावर बसलास," मिस्त्री म्हणाला. "चहा आणून देत होतास. नंतर दोन महिने माझे कान भरलेस. माझ्या सहीवर ढकललंस. मी रोज उठून म्हणायचो, मी सही केली म्हणून ती गेली. तू ऐकायचास आणि पाठीवरून हात फिरवायचास."

जोडीदाराने मान वर केली. त्याचा चेहरा बदलला होता.

"आणि तू? तू आतच होतास ना त्या दिवशी? मी किल्ली मागितली ती तुला ऐकू आली नाही? तुझी दाढ काढली होती, कान नव्हते काढले. माझी किल्ली खिशात नाही म्हणजे काय, हे जगात दोनच माणसांना कळतं. एक मी आणि एक तू. मग एक हाक का नाही मारलीस?"

मिस्त्री दार उघडून बाहेर आला. जोडीदार मागून जिन्यापर्यंत आला. "उद्या काय सांगणार आहेस? मिस्त्री. अरे, माझंही घर आहे." मिस्त्री जिना चढून वर गेला.

सकाळी त्याने मुलीला जंपरचं सांगितलं. ती चहाचा कप धरून बसून राहिली, आणि चहावर साय आली तरी प्यायली नाही. मग उठून खिडकीपाशी गेली आणि खाली थुंकावं तसं म्हणाली, "काका म्हणत होते मी त्यांना." चार पानी तक्रार तिनेच फाडली. वाटेत रिक्षात ती एकदाच बोलली. "त्या डॉक्टरणीला मी काय काय लिहिलं होतं, बाबा." त्याने तिचा हात धरला. तिने धरू दिला.

सगळं सांगितलं, असं त्याने तिला भासू दिलं.

चौकशी अधिकाऱ्याची खोली अरुंद होती. अधिकारी एका टेबलाशी, कारकून दुसऱ्या, आणि भिंतीला लावून दोन खुर्च्या. मुलगी एका खुर्चीत बसली. मिस्त्रीने उभ्याने जबाब दिला. हॉस्पिटलविरुद्ध तक्रार नाही, असं आधी सांगितलं. मग कॉन्टॅक्टचं सांगितलं. झिजलेल्या कॉन्टॅक्टने लिफ्ट चालत नाही, बंद पडते, हे त्याने दोनदा सांगितलं. अधिकाऱ्याने चष्मा काढला. "हे तपासनिसाला कळायला नको होतं?"

"कळायला हवं होतं साहेब. मलाही हवं होतं."

मग त्याने जंपरचं सांगितलं, किल्लीच्या रितीचं सांगितलं, आदल्या संध्याकाळचं सांगितलं. जोडीदाराचं पूर्ण नाव सांगितलं. कारकून लिहीत गेला. संगणकाच्या बटणांचा आवाज थांबला तेव्हा अधिकारी म्हणाले, "पुरे. एवढं बास."

"अजून एक लिहा," मिस्त्री म्हणाला.

"काय?"

"त्याने किल्ली मागितली तेव्हा मी घरात होतो. आतल्या खोलीत. मला ऐकू आलं होतं. त्याचा अर्थ मला माहीत होता. मी उठलो नाही."

कारकुनाने अधिकाऱ्याकडे बघितलं. अधिकारी म्हणाले, "त्याची गरज नाही हो. तुमच्यावर काही नाही यात. तुम्ही रजेवर होता, आजारी होता."

"दाढ दुखत होती. लिहा."

बटणं पुन्हा वाजायला लागली. मिस्त्रीने भिंतीकडे बघितलं नाही, पण खुर्ची सरकल्याचा आवाज त्याला आला. मग दार.

त्याने कागदावर सह्या केल्या आणि बाहेर आला. मुलगी लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला उभी होती. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. तिचे डोळे कोरडे होते.

"हे सकाळी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"नसतेच आले."

"म्हणून," तो म्हणाला.

"म्हणजे मला इथे बसवून ऐकवलंत. परक्या माणसांसमोर. मी हात दिला होता तुमच्या हातात, रिक्षात. तो काका तरी परका."

त्याला काहीतरी बोलायचं होतं. दुखत होतं, झोप लागत होती, लक्षच नव्हतं, यातलं काहीही बोलता आलं असतं आणि ते खोटंही नसतं.

"मी मावशीकडे जाते," ती म्हणाली. "चार दिवस. नंतर बघू. फोन करू नका."

"बरं."

ती जिन्याने खाली गेली. तिच्या चपलांचा आवाज दोन मजले ऐकू आला, मग रस्त्याच्या आवाजात मिसळला. मिस्त्री कठड्याला धरून उभा राहिला. मागून कारकुनाने हाक मारली. तिसऱ्या पानावरची सही राहिली होती. तो परत आत गेला, पेन मागून घेतलं आणि जिथे बोट ठेवलं होतं तिथे सही केली.